दोन बटाट्यांची ओळ

एकतीस वर्षांचा घोडा. हाताखाली नऊ माणसं. आणि हा गृहस्थ सकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मोबाइलवर काय टाइप करायचा, तर बर्फातल्या चौकीवर सात जवान देशभक्तीपर गाणं म्हणतात आणि डोंगरावरून सुटलेलं बर्फ जागच्या जागी थांबतं! शेजारचा कुणी डोकावला की राजस झटकन ऑफिसची मेल उघडायचा. चोरून सिगारेट ओढणाऱ्या पोरासारखी त्याची गत होती.

प्रकार असा होता. 'हिमदुर्ग सात' नावाची एक वेब मालिका होती, सीमेवरच्या सात जवानांची. ती संपली आणि चाहत्यांना चैन पडेना. मग त्यातलीच माणसं उचलून जो तो आपापल्या गोष्टी एका ॲपवर लिहायला लागला. याला फॅन फिक्शन म्हणतात. राजसनं 'वज्रनाद' या नावानं लिहायला घेतलं (नाव बघा जरा!) आणि आपल्या पदरचा एक नियम घातला: गाणं म्हटल्याशिवाय कुणाला शक्ती येणार नाही. कॅप्टननं खर्जात धरलं की बर्फ दुभंगणार, हवालदार वरच्या पट्टीत गेला की सुटलेल्या गोळ्या हवेतच विरघळणार, म्हाताऱ्या सुभेदाराच्या गाण्यानं जखमा भरून येणार. लोकांनी गोष्ट डोक्यावर घेतली. चाळीस हजार वाचक झाले. त्यातल्या एकालाही वज्रनाद जे. पी. नगरातून इलेक्ट्रॉनिक सिटीला जातो आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो हे ठाऊक नव्हतं, आणि राजसला ते कळूही द्यायचं नव्हतं.

अडचण एकच होती. गाणी आणायची कुठून? प्रसिद्ध गाणी घातली की ॲपवाले हक्काचा प्रश्न काढून भागच्या भाग उडवायचे. आणि राजसला म्हणाल तर दोन ओळी जुळवता येत नव्हत्या. नेमकी तेव्हाच खालच्या मजल्यावरून हेमलताबाईंची वही वर आली.

हेमलताबाई त्याच्या घरमालकीण. बेळगावकडच्या एका खेड्यात छत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेल्या. निवृत्त झाल्यावर नवऱ्याला, पद्मनाभरावांना घेऊन मुलानं बांधलेल्या या घरात राहायला आल्या. मुलगा परदेशात, म्हणून वरची खोली राजसला दिलेली. दिलेली भाड्यानं, पण 'पुण्याचं पोरगं एकटं राहायलंय की' म्हणून रविवारी सकाळी गरम दोसे आपण होऊन वर पोचायचे. पद्मनाभराव पेपर वाचत बसायचे आणि दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचे. बोलायचं काम बाईंकडे होतं.

"राजस, ही माझी शाळेतली गाणी," जूनमध्ये त्यांनी वही पुढं केली. "दर पंधरा ऑगस्टला वर्गाकडून म्हणून घ्यायची. यंदा मराठी मंडळातल्या मुलांकडून बसवायचं म्हणायलेत. मोठ्या अक्षरांत टाइप करून देशील?"

"देतो की काकू, त्यात काय!"

छत्तीस वर्षांची छत्तीस गाणी. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत नावं होती. हजेरी असेल, म्हणून राजसनं ती सोडून दिली. बाकी सगळं टाइप केलं, आणि करता करता त्याच्या ध्यानात आलं की ही गाणी कुठंच छापलेली नाहीत. साधी, ठसक्याची, म्हणायला सोपी. ॲपवाल्यांचा बापसुद्धा हक्क सांगणार नाही.

विचारावंसं वाटलं नाही का? वाटलं ना! पण विचारायचं तर 'काकू, मी असं असं लिहितो' हे सांगावं लागलं असतं, आणि ती लाज त्याला चोरीच्या लाजेपेक्षा मोठी वाटली. अक्कल गहाण पडली की माणूस असंच तोलतो.

तीन गाणी त्यानं कॅप्टनच्या तोंडी घातली. वाचक वेडे झाले. कुणीतरी विचारलं, गाणी कुणाची? राजसनं उत्तर दिलं, 'माझीच.' एवढा एक शब्द टाइप करताना त्याचे कान गरम झाले होते. पण बस सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेली, सगळे डुलक्या घेत होते, आणि कान काय, थोड्या वेळानं गार होतात.

चौथं गाणं मात्र त्याला हसण्यासारखं वाटलं.

सुताराचा मी मुलगा, देईन दार नि चौकट,
आईची माझ्या सुई देईन, झेंडा शिवाया बळकट,
विहिरीचं मी पाणी देईन, घागर गार भरून,
दोन बटाटे देईन मी, दोन बटाटे देईन.

एकोणिसाव्या भागात एक नवा, बावळट जवान घाबरून हे गाणं म्हणतो. शक्ती यायची तर तोफेच्या तोंडातून धप्प, धप्प, दोन बटाटे घरंगळत बाहेर येतात. शत्रू पोट धरून हसतो आणि हसता हसता दरीत कोसळतो. झालं! महाराष्ट्रभर लोक हसले. बटाट्याला हात-पाय लावून त्याचे स्टिकर निघाले. कुणाचं काही फसलं की खाली दुसरा लिहायचा, 'दोन बटाटे देईन मी.' राजसच्या ऑफिसातल्या मराठी ग्रुपवरसुद्धा तो स्टिकर आला, आणि राजसनं, मूळ पुरुषानं, अनोळखी असल्यासारखा त्याला हसरा चेहरा पाठवला.

जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी तो घरी आला तर हेमलताबाई जिन्यातच उभ्या.

"अरे राजस, गंमत ऐक! महांतेशचा फोन होता. माझा विद्यार्थी रे, आनेकलला कारखान्यात सुपरवायझर आहे. कुणीतरी माझी गाणी गोष्टीत घातलीत म्हणे. सैनिक गातात आणि काय काय चमत्कार होतात! त्यानं लिंक पाठवलीय. मला उघडून दे बघू."

राजस एक पायरी मागं सरला. पण देणार नाही कसा? त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःची गोष्ट बाईंच्या फोनवर उघडली, अक्षरं मोठी करून दिली आणि काम आहे असं सांगून वर सटकला. खाली त्या मोठ्यानं वाचत होत्या. दाराला कान लावून तो एकोणिसाव्या भागाची वाट बघत राहिला. आता कळेल, आता बाई गप्प होतील, आता रडतील.

बाई हसल्या! खोखो हसल्या. पद्मनाभरावसुद्धा हसले. "ऐकलंत का, तोफेतनं बटाटे!" असं दोनदा म्हणाल्या. राजसचा जीव भांड्यात पडला. इथंच त्यानं खाली जाऊन सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण सुटलो म्हणून जो सुस्कारा सोडला, त्यातच त्याला शहाणपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये बिसी बेळे भाताचा पहिला घास घेताना फोनवर वाचकाचा अभिप्राय दिसला.

'चिरंजीव लेखकास आशीर्वाद. मी हेमलताबाई. गोष्ट फार आवडली. ही गाणी मी कधी छापली नाहीत, तेव्हा तू माझ्याच वर्गातला, हे नक्की. सुतार, घागर, वही, सगळं आठवतं ना रे? तू कुठल्या वर्षीचा? तुझी ओळ कोणती?'

खाली वाचकांची झुंबड उडालेली. लेखकाच्या बाई आल्या! किती गोड! आणि त्यातच एक तिरका प्रश्न: 'वज्रनाद, गाणी तुमचीच म्हणाला होतात ना?' त्या प्रश्नाला बघता बघता शंभर जणांनी दुजोरा दिला.

राजसनं चमचा खाली ठेवला. चाळीस हजार लोकांसमोर चोर ठरायचं? आणि मग त्याला वाटलं, अरे, बाईंनीच तर वाट करून दिलीय. विद्यार्थी म्हटलं की चोरी कसली? ती गुरुदक्षिणाच! सगळे गप्प होतील, बाईही खूश. वर्ष कुठलं ते उडवून द्यावं. पण 'तुझी ओळ' म्हणजे काय? आवडती ओळ विचारत असणार. आता आवडती म्हटली तर सगळ्यांना एकच ओळ आवडते. भात गार होत होता. त्यानं लिहिलं:

'बाई, साष्टांग नमस्कार! ओळखलंत! मी तुमचाच विद्यार्थी. गाणी तुमची, म्हणजे आमची, म्हणून माझीच म्हणालो होतो. आणि माझी ओळ? दोन बटाटे देईन मी!'

वाचकांनी बदाम पाठवले. तिरका प्रश्न विचारणाऱ्यानं माफी मागितली. राजसनं ती मोठ्या मनानं स्वीकारली. निर्लज्जपणाचीही एक पायरी असते म्हणतात, हा जिनाच चढून गेला.

त्यानंतर तीन दिवस बाई काही बोलल्या नाहीत. गोष्टीचा विषयच नाही. राजस जिन्यात भेटला की "आलास? जेवलास?" एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, पण ते काय हे बघायला त्यानं मान वर केली असती तर ना!

रविवारी दोसे वर आले नाहीत. अकरा वाजता पद्मनाभरावांनी खालून हाक मारली, "राजस, स्वल्प, जरा खाली ये."

हॉलमध्ये एक चाळिशीचा माणूस खुर्चीच्या कडेवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, टीपॉयवर त्यानं आणलेली येलक्की जातीची छोटी केळी. राजसला बघून तो उठूनच उभा राहिला.

"नमस्कार सर. मी महांतेश."

"हा आमचा राजस," बाई म्हणाल्या. "यानंच वही टाइप करून दिली. बस रे. राजस, तुला संगणकातलं कळतं, म्हणून बोलावलं. एक माणूस शोधायचाय."

राजस बसला. पाय आपोआप जवळ आले.

"तुला ठाऊक नसेल," बाई सांगू लागल्या. "ती गाणी माझी नव्हेत. मी नुसती चाल लावायची. ऑगस्ट लागला की वर्गात एकेकाला उभं करून विचारायची, तुझ्या घरातनं देशाला काय देशील? जो जे सांगेल ती त्याची ओळ. सुताराच्या पोरानं दार दिलं, शिंपिणीच्या पोरीनं सुई दिली. एक शब्द मी बदलायची नाही. समासात नाव लिहून ठेवायची, कुणाची कुठली ते. तू वही बघितलीस की."

"हो," राजस म्हणाला. तो आवाज त्याला आपला वाटला नाही.

"तर हा वज्रनाद म्हणतोय, बटाट्याची ओळ माझी. मी महांतेशला फोन केला. विचारलं, तूच लिहितोस की काय रे टोपणनावानं? तर हा म्हणतोय, बाई, मला कुठलं लिहायला येतंय."

महांतेश लाजून हसला. "आमचं घर कानडी, सर. गावात शाळा तेवढी एकच. चौथीत मी नवीन आलो तेव्हा मला मराठी येतच नव्हतं. बाईंनी उभं केलं. पोरं रक्त देतो, प्राण देतो म्हणायलेली. मला त्यातलं काय कळतंय? बटाटे कळत होतं, आमच्याकडं पण तेच म्हणतात. दोन कळत होतं. देईन मी, हे पुढच्या पोराचं ऐकलं." तो थांबला. "मराठीत मी जोडलेलं पहिलं वाक्य ते, सर."

"सगळा वर्ग हसला," बाई म्हणाल्या. "मी मग तीन दिवस सगळ्यांना तेवढी एकच ओळ म्हणायला लावली. चौथ्या दिवशी कुणी हसलं नाही."

आणि तीस वर्षांनी राजसनं चाळीस हजार माणसांना परत हसायला लावलं होतं. त्याला वाटलं, फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. फरशी कसली दुभंगतेय! ती बाईंनी सकाळीच पुसली होती, आणि तीत त्याचा चेहरा दिसत होता.

"हसतात ते असू दे की," महांतेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि हेच फार वाईट होतं. "आमच्या कारखान्यात पण स्टिकर फिरतोय. मीच सगळ्यांना सांगितलं, ही माझी ओळ आहे म्हणून. मुलीला पण सांगितलं. मग तिनं ते खालचं वाचून दाखवलं. म्हणाली, अप्पा, हा लेखक तर म्हणतोय ती त्याची. तुम्ही खोटं सांगितलं काय?" त्यानं शर्टाची बाही उगीचच सारखी केली. "पोरीला कसं समजावणार, सर? तिकडं छापलंय. मी नुसताच बोलतोय."

पद्मनाभरावांनी पेपरची घडी केली.

"त्या माणसाला शोधता येतंय का?" बाईंनी विचारलं.

राजसनं मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"नसेल येत तर राहू दे. आपण त्याला लिहू. माझं टायपिंग म्हणजे मुंगीची चाल. घे, मी सांगते, तू लिही." त्यांनी आपला फोन त्याच्या हातात दिला. एकोणिसावा भाग उघडाच होता, खाली रिकामी चौकट. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि वर्गात सांगावं तशा, शब्द तोडून, सांगू लागल्या.

"लिही. चिरंजीव वज्रनाद यांस आशीर्वाद. दोन बटाट्यांची ओळ महांतेशची आहे. तो आत्ता माझ्यासमोर बसला आहे. झालं?"

"झालं."

"तू माझ्या वर्गातला नाहीस हे मला कळलं. माझ्या वर्गातलं कुणीही आपली ओळ विसरलेलं नाही, आणि दुसऱ्याची सांगितलेली नाही. पूर्णविराम. वर्गाबाहेर खिडकीशी उभी राहून गाणं ऐकणारी पोरंही असायची. त्यांना मी आत बोलावून घ्यायची. तूही तसाच आला असशील असं मी समजते. लिहिलंस?"

'समजते' तीनदा चुकलं. "लिहितोय काकू."

"तू गाणी मागितली असतीस तर मी दिली असती. सगळी वही दिली असती. पण महांतेशची ओळ मला देता आली नसती, ती माझी नव्हती. ती त्याची त्याला परत दे. त्याची मुलगी वाट बघते आहे. तुझी, हेमलताबाई."

राजस लिहीत गेला. 'तुझी' लिहिताना अक्षरं धूसर झाली. त्याच्या गोष्टीत याहून साध्या चार ओळींनी डोंगर हलत होते, मेलेली माणसं उठून बसत होती. इथं त्याला मान वर करता येत नव्हती.

"वाचून दाखव," बाई म्हणाल्या.

त्यानं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तो अडला आणि मागं जाऊन परत वाचू लागला. महांतेशनं टीपॉयवरचं पाणी त्याच्यासमोर सरकवलं. माणूस हळवा आहे, एवढंच त्याला वाटलं असावं.

"छान. आता पाठव."

बटण निळं होतं, अंगठ्याखाली होतं. दाबलं की सुटला असता. वर जाऊन वज्रनादच्या नावानं माफी लिहिता आली असती, दोन डोळे पुसणारे चेहरे टाकून. खालच्या या तिघांना कधीच कळलं नसतं आणि पुढच्या रविवारी दोसे आले असते. राजसनं हे सगळं बघितलं, अगदी नीट बघितलं, आणि फोन टीपॉयवर ठेवला.

"पाठवायला नको, काकू."

"का रे?"

"पोचलं."

महांतेशनं आधी त्याच्याकडं, मग बाईंकडं पाहिलं. "एनु? काय पोचलं?" पद्मनाभरावांना कळलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी मांडीवरचा चष्मा चाचपला, घातला आणि राजसकडं नवीन विद्यार्थी आल्यासारखं बघितलं.

"माझ्या घरातनं?"

राजसनं मान हलवली.

"मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "त्याला सांग."

राजस उठून उभा राहिला. हात कुठं ठेवायचे ते कळेना. "महांतेशअण्णा, तो वज्रनाद मीच. मी कुणाच्याच वर्गातला नाही. तुमची ओळ मी आधी चोरली, मग तिची टिंगल केली, मग ती माझी म्हणून सांगितली."

महांतेश इतका कानकोंडा झाला की जणू चोरी त्यानंच केली होती. तोही धडपडत उठला. "असू दे सर, असू दे. मोठी माणसं तुम्ही, शिकलेली… बसा की, बसा."

"असू दे म्हणू नकोस, महांतेश," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांनी टीपॉयवरचा फोन उचलला आणि बोट नीट टेकवून स्वतः बटण दाबलं. "तुझ्या मुलीला फोन लाव. स्पीकरवर ठेव. यानं तिला सांगायचंय."

महांतेशनं नंबर लावला. तिकडं घंटा वाजायला लागली, आणि राजस टीपॉयपाशी उभा राहून ती मुलगी फोन उचलायची वाट बघू लागला.